अमिनाचं दुखणं, माझं भ्या

हे लिहायच्या आधी मी अमिनाला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिवा की. पन आमच्या खोलीतलं लिवू नका. दुखलं किती आन भ्या किती वाटलं, तेवडं लिवा."

तेव्हा तेवढंच लिहितो. आमच्या घरात दखनी आणि मराठी मिसळून बोलतात. इथं सगळं मराठीत लिहिलंय, कारण ज्याच्यासाठी लिहितोय त्याला वाचता आलं पाहिजे. बायकोला जवळ घेतलं की तिला दुखतं, आणि हे कुणापाशी बोलता येत नाही, अशा नवऱ्यासाठी हे आहे. बायकांना सांगायचा मला अधिकार नाही. दुखणं माझं नव्हतं.

माझं नाव दस्तगीर. मंगळवार पेठेत आमचं आत्ताराचं दुकान. हिरडा, जेष्ठमध, सुरमा, ऊद, गुलाबपाणी असला माल. महाराज गादीवर होते, प्लेग दोनदा येऊन गेला होता, त्या सुमाराला माझा निकाह झाला. मी सव्वीस वर्षांचा, अमिना एकवीसची. तिचे आईबाप प्लेगात गेले. ज्याच्याशी ठरलं होतं तो मुलगाही गेला. ती कागलला मामाकडं राहत होती. मामा टांगा चालवायचा. त्यानं आम्हाला सगळं सांगितलं असं आम्ही समजलो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमिना भाकरी थापत होती आणि तिचे ओठ सुजले होते. तिनं ते स्वतःच चावले होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी तालमीतल्या एका जुन्या दोस्ताला आडून विचारलं. तो हसला. "पयल्यांदा दुकतंयच की. हुईल सवय."

सवय झाली ती वेगळीच. महिनाभरात असं झालं की संध्याकाळी दुकान बंद करून मी उंबऱ्यात पाय ठेवला की तिच्या हातातली वाटी थरथरायची. ती काही बोलायची नाही. उलट हसून पाणी द्यायची. पण वाटी थरथरायची. आपल्या पावलांचा आवाज ऐकून आपलंच माणूस कापतं, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला मी काय सांगू?

एक गोष्ट लपवत नाही. एकदा ती "थांबा" म्हणाली आणि मी लगेच थांबलो नाही. वाटलं, अजून थोडं, म्हणजे ही अडचण एकदाची संपेल. ती संपली नाही. त्या दिवसानंतर ती दोन दिवस नीट चालली नाही आणि मी दोन दिवस तिच्याकडं पाहिलं नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण हे वगळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

मग मी तिच्या वाटेला जाणंच सोडलं. दुकानात अफूची बरणी होती. एका दुपारी मी खसखशीएवढी अफू तोडून कागदावर घेतली. दुधात दिली तर तिला कळणार नाही, दुखणारही नाही, असा विचार आला होता. समोर गिऱ्हाईक उभं राहिलं म्हणून पुडी बाजूला ठेवली, आणि गिऱ्हाईक गेल्यावर त्या पुडीकडं बघून मला घाम फुटला. मी काय करायला निघालो होतो? अफू बरणीत परत टाकली. त्या दिवसापासून मला अमिनाच्या दुखण्यापेक्षा माझीच भीती जास्त वाटू लागली.

*

सहा महिने झाले तरी घरात पाळणा हलायचं चिन्ह नाही म्हटल्यावर अम्मानं विषय काढला. अम्मा वाईट नव्हती. बापाच्या मागं तिनं एकटीनं दुकान सांभाळलं होतं. पण बोलणं सरळ कुऱ्हाडीसारखं.

"पोरगीत कायतरी खोट हाय. दर्ग्यावर नेली, ताईत बांदला, काय उपेग झाला? माज्या भनीची हलिमा हाय, रांडमुंड, शानी बाई. दुसरं कर. आपल्यात चालतंय."

मी "बघू" म्हणालो. फक्त बघू. नाही म्हणायला हवं होतं. आत चुलीपाशी अमिना होती. तिच्या हातातली फुंकणी थांबल्याचं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो तर अमिना नव्हती. अम्मा म्हणाली, "शेजारी असंल." शेजारी नव्हती. पेठेतल्या आडावर गेलो, वाकून पाहिलं. काळं पाणी आणि माझंच डोकं. मग मी पळत सुटलो. पायात वहाण नव्हती हे मला रंकाळ्यावर पोचल्यावर कळलं.

तळ्यावर एक परीट कपडे आपटत होता. मला बघून हात थांबवला.

"पावणं, काय हुडकताय?"

"बाईमाणूस. हिरवी चादर पांघरल्याली."

"न्हाय बा. सकाळधरनं हितंच हाय मी. कोन बाई आल्याली न्हाय." मग माझ्या तोंडाकडं बघून तो हळू म्हणाला, "पान्याकडं बघत हुबं ऱ्हाऊ नका. घरला जावा. माणूस घरला येतंय."

मी तरीही काठाकाठानं अर्धं तळं फिरलो. हिरवा रंग दिसला की तिकडं धावायचो. कुठं शेवाळ असायचं, कुठं वाळत घातलेलं लुगडं.

घरी आलो तर अमिना उंबऱ्यावर बसलेली. हिरवी चादर, पायाला धूळ, हातात एक चिठ्ठी. माझ्या रक्ताळलेल्या पायांकडं तिनं पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"मी जीव द्यायला गेलते असं वाटलं व्हय तुमास्नी?"

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसलो.

"मनात आलतं. खोटं कशाला बोलू? आडापतूर गेलते. मग म्हनलं, मरायचंच हाय तर आदी दवाखान्यात तरी इचारून यावं, ह्ये काय हाय म्हनून." तिनं चिठ्ठी पुढं केली. "बाई डाक्टर हाय तितं. पन गावाला गेल्या. मोटं डाक्टर म्हनलं, नवऱ्याला घिऊन ये."

जन्मात एकटी कुठं न गेलेली बाई विचारत विचारत सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती. आणि मी तिला पाण्यात शोधत होतो.

*

दवाखान्याचं भय आमच्या पेठेत सगळ्यांनाच होतं. प्लेगात तिथं नेलेली माणसं परत आली नव्हती. अम्मानं निघताना माझी बाही धरली. "चिरतील तिला." मी बाही सोडवून घेतली, पण मनात तेच होतं.

मोठे डॉक्टर पडद्याआड तिला तपासत होते. मी व्हरांड्यात. आधी काहीच आवाज नाही. मग तिची एक किंकाळी आली, लांब, आणि मधेच तुटली. बाकावरची माणसं माझ्याकडं बघू लागली. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "वाट अरुंद आहे. क्लोरोफॉर्म देऊन कापावं लागेल. गुरुवारी करू. इथं सही करा."

"जिवाला काही..."

"क्लोरोफॉर्म आहे. जोखीम असतेच. सही करा."

मी सही केली. देवनागरीत, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. तिला विचारावं असं माझ्या मनात आलंसुद्धा नाही. ती पडद्याआड कपडे सावरत होती, माझ्यापासून चार हातांवर.

तिला बायकांच्या वॉर्डात ठेवून घेतलं. मला भेटायला रोज चार ते पाच. सकाळी सहाला घंटा, मग कार्बोलिकच्या पाण्यानं फरशी धुणं, मग पेज, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. तेव्हा खाटेवर सरळ पडून राहायचं, कूस बदलायची नाही. शेजारच्या खाटेवर एक बाळंतीण तापानं बडबडत होती. मंगळवारी ती खाट रिकामी दिसली. मी विचारलं नाही, अमिनानंही सांगितलं नाही. चार वाजायची वाट बघत मी दुकानात बसायचो आणि गिऱ्हाइकाला जिऱ्याऐवजी शहाजिरं बांधून द्यायचो.

वॉर्डात तुळसाबाई नावाची कामवाली होती. पन्हाळ्याकडची विधवा, आवाज मोठा, हात मऊ. अमिना उपाशी राहते म्हणून तिनं आपल्या घरची दशमी आणून तिला भरवली होती. बुधवारी चारला मी गेलो तर तुळसाबाई पायरीवरच वाट बघत होती.

"दादा, तुमची बायकू सकाळधरनं बोलंना झालीया. मी आपली धीर द्यायला गेले. म्हनलं, भिऊ नगं, टेबलाला पट्टं असत्यात, हात-पाय बांदत्यात, मग वास देत्यात, काय कळत न्हाय. तर तिनं डोळंच फिरवलं. मला येक सांगा, तिला आदी कुनी बांदल्यालं का?"

मला माहीत नव्हतं. सात महिन्यांचा संसार, आणि मला माहीत नव्हतं.

अमिना खाटेवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मी खाली फरशीवर बसलो, म्हणजे तिला माझ्याकडं वर बघावं लागू नये.  मग विचारलं, "तुला कुणी बांधलं होतं?"

तिनं सांगितलं. भिंतीकडं बघून, एका दमात.

प्लेगात तिलाही गाठ आली होती. जांघेत. ती अठरा वर्षांची होती. गावाबाहेर झोपड्या घालून राहिले होते तिथं. मामानं एका वस्तरेवाल्याला आणलं. मामी आणि तीन बायकांनी तिचे हात-पाय धरले. ओरडली तर तोंडात फडकं कोंबलं. त्यानं गाठ फोडली, दोन दिवसांनी येऊन परत कापलं. ती जगली. त्या झोपडीतले आईबाप जगले नाहीत.

"तवापास्नं तितं कुनाचा हात आला की आतलं समदं मिटतंय. मी मिटवत न्हाय. आपसूक मिटतंय. मी लई सांगते माज्या अंगाला, ह्यो आपला मानूस हाय म्हनून. ऐकत न्हाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलं? आन गाठ आल्याली पोरगी कोन करून घेतंय? मामानं आन घातल्याली." मग ती माझ्याकडं वळली. "उद्या परत धरनार न्हवं मला? तुमी सही केलीया म्हनं."

पाच वाजले. घंटा झाली.

*

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीपुढं जाऊन मी उभा राहिलो. मी पुड्या बांधणारा माणूस. सरकारी डॉक्टरला उलट बोलायचं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना कळणार नाही.

"साहेब, उद्याचं नको."

"म्हणजे?"

मी गाठीचं, वस्तऱ्याचं सांगितलं. शब्द मागंपुढं झाले. त्यांनी मध्येच तोडलं. "सही केली ती काय गंमत होती?"

"सही माझी हाय साहेब. अंग तिचं हाय. ती नको म्हणते."

त्यांनी टाक उचलला. मग कागदावर आडवी रेघ मारली. "घेऊन जा. पुन्हा इथं येऊ नका."

अमिनाला घेऊन मी घरी आलो. ती रस्त्यात एकदा माझं बोट धरून चालली, भर पेठेत. पण मला धीर वाटला नाही. उलट त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात भीतीचे. असलं नसलं औषध मीच लाथाडलं असलं तर? कापल्यानं ती बरी होणार असली तर? अम्मा रोज विचारायची, "मग काय म्हनलं डाक्टर?" आणि मी रोज काहीतरी खोटं सांगायचो.  जेवण जाईना. अमिना म्हणायची, "आता तुमालाच न्यावं लागतंय दवाखान्यात."

बाई डॉक्टर परत आल्याचा निरोप तुळसाबाईनं स्वतः घरी येऊन दिला, आणि मोठे डॉक्टर नसतील ती वेळही सांगितली.

*

बाईंनी अमिनाला आधी खुर्चीवर बसवलं. टेबलावर नाही. म्हणाल्या, "आज मी हात लावणार नाही. पुढच्या वेळी लावीन. तुम्ही बास म्हणालात की माझा हात मागं." पुढच्या वेळी तसंच केलं. अमिना तीनदा बास म्हणाली आणि तिन्ही वेळा हात मागं गेला. बाहेर आल्यावर ती मला हेच सांगत होती, "थांबल्या बघा. खरंच थांबल्या." मी मान खाली घातली.

मग बाईंनी मला आत बोलावलं. बसायला सांगितलं आणि एकदम माझ्या डोळ्यांपुढं हात झटकला. मी डोळे मिटले.

"आता मिटू नका," म्हणाल्या. पुन्हा हात झटकला. पुन्हा मिटले.

"मिटू नका म्हटलं होतं ना?"

"आपोआप मिटले, बाईसाहेब."

"तिचंही तसंच आहे. वाट अरुंद नाही, काही वाढलेलं नाही. जुनी खूण ओढते तेवढी. बाकी ते अंग तिला जपतंय. त्याला कळू द्यायला हवं की आता वस्तरा नाही. वेळ लागेल. तुम्ही मध्ये घाई केलीत तर परत पहिल्यापासून."

मी हो म्हणालो. उठणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही किती घाबरलाय?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि हमसून रडलो, परक्या बाईसमोर, पागोट्याच्या शेवात तोंड खुपसून. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "दर पंधरवड्याला तिच्याबरोबर तुम्हीही आत यायचं. बाहेर बाकावर बसायचं नाही."

*

उपचार म्हणजे ऐकायला काहीच नव्हतं. कोमट पाण्यात बसणं. बदामाचं तेल. तिचं तिनं, तिच्या हातानं, थोडं थोडं लावायचं. मी तेल कोमट करून द्यायचं आणि खोलीबाहेर जायचं. जवळ बसायचं ते फक्त हात हातात घेऊन, आणि त्यापुढं काही होणार नाही हे तिला पक्कं ठाऊक असलं पाहिजे. पहिले दोन महिने मला हेच जमेना. हात धरला की माझाच हात गार पडायचा.

चौथ्या महिन्यात ती आपणहून म्हणाली, "आता बघू." बघितलं. दुखलं. पहिल्याइतकंच. ती म्हणाली, "असू दे," आणि मला ते असू दे सहन झालं नाही. सकाळी जोतिबावरच्या दुकानदारांना ऊद पोचवायचं निमित्त करून मी डोंगरावर गेलो. एका दिवसाचं काम, दोन दिवस राहिलो. खाली उतरायचं धाडस होईना.

परत आलो तर अमिना दारातच म्हणाली, "मला वाटलं हलिमाकडं गेलासा."

तिची भीती माझ्या भीतीहून मोठी होती, हे मला दोन दिवस सुचलंसुद्धा नव्हतं. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या. "दुखलं तरी चालेल. पण दुखल्यावर नवरा पळून गेला, हे तिच्या अंगाला शिकवू नका."

त्याच आठवड्यात अम्मानं हलिमाचा विषय परत काढला. या वेळी मी बघू म्हणालो नाही. अमिनाला विचारून, तिच्या समोरच, मी अम्माला सगळं सांगितलं. गाठ, वस्तरा, मिटणं, मी केलेलं सगळं. आईशी असलं बोलताना कान जळत होते. सांगून झालं आणि मी ती ओरडायची वाट बघत बसलो. मामानं फसवलं म्हणेल, हिला आजच कागलला धाड म्हणेल.

अम्मा सुपारी कातरत होती. अडकित्ता तसाच धरून बसली. मग माझ्याकडं नाही, अमिनाकडं बघत बोलली.

"मला बी दुकायचं."

अमिना तिच्याजवळ सरकली.

"तीन लेकरं झाली, तरी दुकायचं. ह्येच्या बाला कदी कळलं न्हाय. मी कळू दिलं न्हाय. मला वाटलं, बाईचं असंच असतंय." तिनं अडकित्ता खाली ठेवला. "असं बरं हुतंय हे म्हाईत असतं तर..."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर अमिनाच्या पाण्याचं पातेलं चुलीवर होतं आणि अम्मा फुंकणीनं जाळ करत होती. हलिमाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

*

वर्ष उलटून गेलं तेव्हा अमिना एकदा म्हणाली, "दुकलं न्हाय." तिला स्वतःलाच नवल वाटलं होतं. तेवढं लिहायची मुभा आहे. त्यानंतरही सगळं सरळ झालं नाही. कधी दुखायचं, कधी नाही. पण दुखलं तर ती सांगायची, आणि मी थांबायचो, आणि तिथंच बसून राहायचो. पुढं आम्हाला एक मुलगी झाली. बाळंतपण त्याच बाईंनी केलं. मी व्हरांड्यात नव्हतो, दाराच्या आत होतो, आणि टेबलाला पट्टे लावले नव्हते.

आता दुकानात कधीमधी एखादा माणूस येतो, गर्दी ओसरेपर्यंत थांबतो, आणि हळूच विचारतो, "बायकूला बधीर करायचं कायतरी हाय का?" मी त्याला आतल्या पोत्यांवर बसवतो. पुडी देत नाही. आधी विचारतो, तिला विचारलंस का. मग विचारतो, तुला किती भ्या वाटतंय. बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नाला रडतात.

माझं स्वतःचं भ्या गेलं, असं म्हणणार नाही. तिचं दुखणं सरलं, त्यानंतरही कितीतरी वर्षं ती झोपेत नुसती कण्हली तरी मी दचकून हात मागं घ्यायचो. एके दिवशी सकाळी तिनं तो मागं गेलेला हात पकडला.

"अजून भ्या वाटतंय व्हय तुमास्नी?"

"व्हय."

"मग सांगायचं न्हाय का? मी का परकी हाय?"

आणि तिनं माझा हात सोडला नाही. मी तो थरथरत होता तसाच तिच्या हातात राहू दिला.